चाकू जमवायचेत? मग आधी घरातली विळी खाली घे

नाशिकच्या एका तेवीस वर्षांच्या पोराने विचारलंय, जसंच्या तसं देतो: "काका, नोकरी लागून सहा महिने झाले, चाकूंचं भयंकर वेड आहे, कलेक्शन सुरू करायचंय. ऑनलाइन एक दमास्कस बघून ठेवलाय साडेतीन हजारांचा आणि एक बटणाचा पण आवडलाय. कुठला आधी घेऊ? घरात ठेवला तर पोलीस पकडतात का? आणि आईला काय सांगू, ती म्हणते ही गुंडांची लक्षणं."

ये बाबा, बस. दोन्ही घेऊ नकोस, एवढं आत्ताच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचेपर्यंत तू ऑर्डर टाकायचा नाहीस. का ते सांगतो, पण जरा लांबण लागेल कारण तुझे प्रश्न तीन दिसतात पण आहे एकच, की सुरुवात कुठून करायची.

मी पण असाच आलो होतो. वीसेक वर्षं झाली, पुण्यात जुन्या बाजारात रविवारी फिरताना एका विक्रेत्याकडे कट्यार दिसली, शिवकालीन म्हणाला, मी त्याच्या तोंडावरच विश्वास ठेवला आणि जवळजवळ अर्धा पगार देऊन घेतली. ती पेपरात गुंडाळून एका आजोबांकडे नेली, भोसरीत आयुष्यभर टूलरूमला नोकरी करून रिटायर झालेले, त्यांच्याकडे चाकू-सुऱ्यांचा चांगला साठा होता. मला वाटलं बघून दंग होतील. त्यांनी चष्मा लावला, नखाने गंज खरवडला, मूठ नाकाशी धरली आणि मला म्हणाले तूच बघ. गंज सगळीकडे एकाच रंगाचा, एकाच जाडीचा, म्हणजे मिठाचं किंवा ॲसिडचं पाणी मारून आठवड्याभरात आणलेला. खरा जुना गंज असा नसतो, तो कुठे खोल खड्डे पाडतो, कुठे नुसती काळी साय धरतो, हात लागायच्या जागी पुसला जातो. मुठीच्या दोन आडव्या पट्ट्या जिथे बाजूच्या दांड्यांना मिळतात तिथे काळ्या रंगाखाली वेल्डिंगचा मणी दिसत होता. पातं मुठीत बसवलेलं होतं त्या फटीत ॲराल्डाइट. शिवकालात ॲराल्डाइट! जुन्या तलवारी-खंजिरांच्या मुठीत पातं बसवायला लाखेसारखं काहीतरी भरायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

पण ते हसले नाहीत माझ्यावर, हे मी विसरलो नाही. त्यांनी आतून एक साधा छोटा चाकू आणला, पातं काळपट पडलेलं, टेबलावर ठेवला मूठ माझ्याकडे करून आणि विचारलं धार लावता येते का. नाही म्हटलं. तर मला झिजलेला एक कार्बोरंडमचा दगड दिला, दोन बाजूंचा असतो ना एक खरखरीत एक बारीक, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तोच, आणि म्हणाले घरच्या सुरीला महिनाभर धार लाव, मग ये, मग आपण बोलू काय घ्यायचं ते. नवीन माणूस आला की मी पण हेच करतो आता. नुसत्या गप्पा मारून आणि फोटो दाखवून पाठवलेला माणूस सहा महिन्यांत कपाटभर कचरा जमवतो आणि मग ओएलएक्सवर विकायला काढतो, आणि दगड घेऊन गेलेला परत येतो तेव्हा त्याचे प्रश्नच बदललेले असतात.

आता तुझा दमास्कस. आज दमास्कस म्हणून जे विकतात ते दोन वेगळ्या पोलादांचे थर भट्टीत एकत्र ठोकून, घड्या घालून केलेलं असतं, बहुतेक वेळा १०९५ आणि १५एन२० नावाची पोलादं, त्यातल्या दुसऱ्यात दोनेक टक्के निकेल असतं. मग ते फेरिक क्लोराइडमध्ये बुडवतात, साधं पोलाद काळं पडतं, निकेलवालं चकाकत राहतं, त्यातून ती पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. (फेरिक क्लोराइड म्हणजे तेच, डिप्लोमाला सर्किट बोर्ड खरवडायला वापरतात ते, पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं.) मेहनतीचं काम आहे, चांगलं केलेलं खरंच देखणं असतं. पण साडेतीन हजारात जे मिळतं त्यात बऱ्याचदा नक्षी नुसती वरून लेझरने किंवा ॲसिडने छापलेली असते, आत साधं स्टील. ओळखायचं कसं तर पात्याची पाठ बघायची, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड. खऱ्यात थर आरपार असतात म्हणून पाठीवरही रेघा दिसतात आणि धारेच्या अगदी टोकापर्यंत जातात, छापलेल्यात दोन गालांवर नक्षी आणि पाठ कोरी. विक्रेत्याला पाठीचा फोटो मागव. दिला नाही तर समजून जा. आणि खरा निघाला तरी कुठलं पोलाद, हार्डनिंग कसं केलंय, काही सांगत नसेल तर ते घरात शोभेला ठेवायचं भांडं आहे.

ह्या नावाचा एक मजेशीर भाग सांगतो. जुनं जे खरं दमास्कस म्हणून जगभर गाजलं त्याचं पोलाद आपल्या दक्षिणेकडून जायचं, वुट्झ म्हणतात त्याला, थर ठोकून नाही तर मातीच्या मुशीत लोखंड आणि कार्बनचं काहीतरी बंद करून वितळवून केलेलं. तेलंगणात कोनासमुद्रम म्हणून गाव आहे तिथून इराणी व्यापारी माल न्यायचे. म्हणजे आपण आपल्याच गोष्टीचं सिरियातलं नाव लावलेली तिसरीच वस्तू विकत घेतो. असो.

बटणाचा चाकू आणि पोलीस, हे एकत्रच सांगतो. मी वकील नाही, पण इतक्या वर्षांत जे वाचलं, ऐकलं, आणि आपल्यातल्या लोकांना जे भोगावं लागलं त्यावरून सांगतो. शस्त्र कायदा १९५९ चा, आणि त्याचे सध्याचे नियम २०१६ चे. त्यात तलवार, खंजीर, संगीन, भाला आणि नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, कृपाण आणि खुकरीचं तर नावच घेतलंय, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेलं त्यातून बाहेर ठेवलंय. म्हणजे तुझ्या आईची सुरी दहा इंची असली तरी ती सुरी आहे. पण हे वाचून नऊ इंचांच्या आत काहीही चालतं असा अर्थ काढू नको, बरेच जण काढतात. दिल्लीत १९८० ची अधिसूचना आहे, तिथे बटण दाबून, स्प्रिंगने किंवा गरारीने उघडणारा चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याच्या वर असेल तर बिनपरवाना बाळगणं गुन्हा आहे. ७.६२ म्हणजे फक्त तीन इंच! आणि बटणाच्या चाकूने तू कांदा चिरणार नाहीस हे हवालदारालाही कळतं, तो हातात पडला की पहिला प्रश्न "कशाला" हाच येतो आणि त्याला तुझ्याकडे उत्तर नसतं. म्हणून नको.

आपल्याकडे आणखी एक आहे, पेपरात रोज वाचतोस, "आर्म ॲक्ट ४/२५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा ३७(१)(३), १३५ अन्वये गुन्हा दाखल." ते सदतीस कलम म्हणजे मनाई आदेश. शहरात, जिल्ह्यात सणावाराला, निवडणुकीला, मोर्चाबिर्चाला हे आदेश निघतात, बऱ्याच ठिकाणी पंधरा-पंधरा दिवसांचे एकामागून एक चालूच असतात, आणि त्या काळात सार्वजनिक जागी तलवार, सुरा, लाठी असलं काही घेऊन फिरायचं नाही. त्यातून पुण्यात कोयता गँगच्या बातम्या आल्यापासून वातावरण वेगळंच आहे. ऊसतोडीचा कोयता फडात औजार आहे, तोच रात्री अकरा वाजता दुचाकीवर शर्टात मागे खोचलेला असला की शस्त्र आहे, आणि मला विचारशील तर ह्यात पोलिसांचं काही चुकतं असं वाटत नाही. त्यामुळे आमच्यातला साधा रिवाज असा की चाकू घरात राहतात, एकमेकांकडे न्यायचे असले तर डब्यात बंद करून बॅगेच्या तळाशी, बिल असेल तर बिलासकट, खिशात किंवा कमरेला कधीच नाही. विमानात केबिन बॅगेत तर छोटा मल्टिटूलही चुकून राहू देऊ नकोस, माझा एक लाल व्हिक्टोरिनॉक्स, म्हणजे तो स्विस चाकू, असाच सिक्युरिटीच्या डब्यात गेला, चूक माझीच, पण अजून आठवलं की पोटात दुखतं.

आणि हे नीट ऐक. चाकू हातात घेऊन रील नाही. तलवारीने केक कापून फोटो टाकणाऱ्यांवर आपल्याकडे दर आठवड्याला कुठे ना कुठे गुन्हा दाखल होतो. कोणी नवीन येऊन "सेल्फ डिफेन्ससाठी कोणता चांगला" असं विचारलं की मी त्याला चहा पाजतो आणि परत पाठवतो, ह्या बाबतीत मी कडक आहे. त्याला धार दाखवत पण नाही.

आता घ्यायचं काय. मला विचारशील तर पहिला विकतचा चाकू साधा, स्वस्त, कार्बन स्टीलचा. फ्रान्सचा ओपिनेल आहे, सव्हाय प्रांतात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये काढला, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ, पातं आत दुमडतं, आणि १९५५ पासून त्याला फिरवायची एक कडी आहे ती फिरवली की पातं लॉक होतं, बस, एवढंच, स्प्रिंग नाही की बेअरिंग नाही. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. किंवा स्वीडनचा मोरा, न दुमडणारा, प्लॅस्टिकची मूठ, प्लॅस्टिकचं म्यान, दिसायला अगदीच गरीब पण पातं जेमतेम अडीच मिलिमीटर जाड असतं म्हणून असं कापतं की तुला विळीची आठवण येईल. घेण्याआधी स्टीलचा नाही तर जाडीचा विचार करायला शिक. ते टॅक्टिकल म्हणून काळे कुळकुळीत सहा मिलिमीटरचे विकतात ना त्यांनी टोमॅटो चिरत नाही, चिरडतो, स्टील कितीही भारी असू दे.

स्टीलवरून आठवलं. तू आत आलास की पहिल्या आठवड्यात तुला कोणीतरी म्हणेल "८सीआर? छे, चायनीज, फेकून दे, एस३०व्ही घे." ही दोन स्टीलची नावं. आमच्यात हा एक जातिभेदच आहे आणि सगळ्यात जास्त तो करणाऱ्यांनी स्वतः दगडाला हात लावलेला नसतो. तीन गोष्टींची ओढाताण आहे, जास्त कडक केलं तर धार टिकते पण ठिसूळ होतं आणि परत लावताना घाम निघतो, मऊ ठेवलं तर लवकर बोथट पण दोन मिनिटांत परत तयार, आणि गंज लागू नये म्हणून तेराएक टक्के किंवा जास्त क्रोमियम घातलं की त्याच्या वेगळ्या भानगडी. कडकपणा मोजायला रॉकवेल, एचआरसी म्हणतात, चाकू साधारण छप्पन ते बासष्टच्या मध्ये असतात. नाशिकला सातपूर-अंबडला कोणी ओळखीचं कामाला असेल तर त्याला विचार, डी२ म्हटलं की तो डायचं स्टील म्हणेल, ईएन-३१ म्हटलं की बेअरिंगचं, हीच स्टीलं चाकूला वापरतात, तीच ईएन-३१ अमेरिकेत ५२१०० म्हणून मिरवते. म्हणजे आपल्या एमआयडीसीतल्या माणसाला ह्यातलं निम्मं आधीच माहीत असतं, फक्त त्याला कोणी सांगितलेलं नसतं की हा छंद आहे.

कार्बन का म्हणतो, तर ते तुला काहीतरी दाखवतं. उन्हाळ्यात नवीन ओपिनेलने एक कैरी चीर, धुऊ नको लगेच, पाच मिनिटं ठेव. पातं निळसर-जांभळं, मग करडं होईल, कैरीच्या फोडीचा आकार उमटलेला दिसेल. घाबरून घासू नको, ती पॅटिना आहे, लाल गंजाला थोडीफार अडवते ती. प्रत्येकाची वेगळी होते. माझ्या एका चाकूवर तीन उन्हाळ्यांच्या कैऱ्या आहेत आणि तो मी कोणाला देणार नाही. (फोडी मात्र लगेच खा, लोखंडाची चव लागते नाहीतर.)

धारेचं. हे लिहून येत नाही पण तरी सांगतो, दगड ओला कर, चाकू दगडाला साधारण पंधरा ते वीस अंशात धर, पाठीखाली दोन रुपयांची दोन-तीन नाणी सरकतील एवढं समज, आणि कोन बदलू देऊ नको, सगळी मेख ह्यातच आहे. धारेच्या कडेला मार्करने काळं कर, चार वेळा ओढ आणि बघ शाई कुठून गेली, फक्त वरून गेली तर पाठ जास्त खाली गेलीय, फक्त टोकाची गेली तर जास्त उचललीय. एका बाजूने ओढत राहिलास की दुसऱ्या बाजूला बारीक खरखर लागेल बोटाला, धारेवरून बाहेरच्या दिशेने बोट फिरवायचं, धारेच्या लांबीवरून कधीच नाही. ती खरखर पूर्ण लांबीला आली की बाजू बदल. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलटा ओढ, न्हावी वस्तरा ओढायचे तसा. प्रवासात दगड नसला तर चिनी मातीचा कप उपडा कर, बुडाला जी खडबडीत गोल कड असते ना, तिच्यावर छान काम होतं.

सायकलवर दगड फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे घरची साधी विळी दे, खुशाल दे, त्याचं पोट आहे. पण चांगला चाकू देऊ नकोस. कोरड्या दगडावर ठिणग्या उडाल्या म्हणजे कड तापली, आणि कड निळी झाली की पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, मग तेवढा भाग घासून काढेपर्यंत धार टिकत नाही. हे "पाणी" म्हणजे काय ते एकदा डोळ्यांनी बघ. रस्त्याच्या कडेला घिसाडी पाल टाकून बसलेले असतात ना, बाई घण मारते आणि नवरा सांडशीत लोखंड धरून फिरवतो, तिथे तासभर थांब. ट्रकच्या कमानीचा पाटा कापून त्याचा विळा करतात, लाल करतात, ठोकतात आणि शेवटी फक्त धारेकडचा भाग पाण्यात देतात, पाठ मऊच ठेवतात म्हणजे विळा दगडावर आपटला तरी मोडत नाही. परदेशात ह्याच गोष्टीला केवढी मोठी नावं देऊन केवढ्या किमती लावतात! त्यांच्याकडून एक खुरपं किंवा विळा घे, भाव करू नको, आणि तो तुझ्या कलेक्शनचा एक नंबर समज, मी गंमत नाही करत.

कारण कलेक्शनला धागा लागतो. नुसते आवडले म्हणून घेतलेले चाळीस चाकू मी लोकांकडे बघितलेत, दोन वर्षांनी त्यांना स्वतःलाच आठवत नाही कुठला का घेतला. माझ्याकडे आता परदेशी दहा-बाराच राहिलेत, बाकी सगळं आपल्याकडचं कामाचं पातं आहे. कोकणात कमरेच्या आकडीत अडकवायची कोयती, देशावरचा ऊसतोडीचा कोयता, मालवणीत आडाळो म्हणतात ती खवणीची विळी, गुराख्यांचे, झाडावर चढणाऱ्यांचे, आणि अडकित्ते. अडकित्त्यांचा नाद लागला तर तू गेलास. मोर, घोडा, जोडपं, काय काय आकार असतात, पितळी, लोखंडी. पुण्याला येशील तेव्हा राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते बघ, दोन तास काढ, एका माणसाने घरोघर फिरून हे सगळं जमवलं हे लक्षात ठेवून बघ. तिथून बाहेर आलास आणि तरी तुला दमास्कसच हवा असेल तर मग घे, मी अडवणार नाही.

जुन्या वस्तूंच्या बाबतीत मात्र दोन ठिकाणी पाय घसरतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू धरली जाते, १९७२ चा कायदा आहे, ती देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. खरा जुना बिचवा किंवा कट्यार कोणी कागदाशिवाय देत असेल तर तो एक तर खरा नाही किंवा कुठून आणला ते विचारू नये असा आहे, दोन्हीत तुझं नुकसान. दुसरं म्हणजे मूठ. हस्तिदंत, साबरशिंग असलं काही दिसलं की हात मागे घे, वन्यजीव कायदाही १९७२ चाच, आणि तिथे "मला माहीत नव्हतं" चालत नाही. आणि जे काही जुनं घरातून, आजोळच्या माळ्यावरून मिळेल ते चकाचक करू नकोस रे. तेलाचं बोट आणि मऊ फडकं, बास. सॅंडपेपर मारून आरशासारखी केलेली एक जुनी सुरी घेऊन एक मुलगा आला होता, एवढ्या आनंदाने दाखवत होता की मला काही बोलवेना, पण तिच्यावरचा लोहाराचा ठसा घासून गेला होता, आता ती कुठली हे कोणीच सांगू शकत नाही.

पावसाळ्याचं सांगायलाच हवं. चामड्याच्या म्यानात चाकू ठेवून द्यायचा नाही, कधीच नाही. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं त्यात असतात. मी जूनमध्ये चिपळूणच्या घरी एक ठेवून आलो, गणपतीला गेलो तर म्यानातून बाहेर येईना, आला तेव्हा पात्याला मसुराच्या डाळीएवढे खड्डे. म्यान वेगळं, चाकू वेगळा, सुती कापडात, डब्यात ते सिलिका जेलचे पुडे टाक, बुटांच्या खोक्यातले जपून ठेवत जा. तेल कुठलं लावायचं तर मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, स्वस्त, वास नाही, फळ कापायच्या चाकूला पण चालतं. खोबरेल लावतात लोक, लगेच वापरणार असशील तर ठीक, पण ठेवून दिलं की खवट होतं आणि चिकट थर बसतो.

परदेशातून मागवायचं असेल तर सध्या नको. माझं एक पार्सल कस्टममध्ये तीन महिने पडून परत गेलं, पैसे अर्धेच मिळाले. इथे अधिकृत आयात झालेलं मिळतं तेच बिलासकट घे.

कोणाकडे बघायला गेलास तर थोड्या रीती आहेत. न विचारता उचलायचं नाही. पात्याला अंगठा लावायचा नाही, घामाचा ठसा दोन दिवसांत गंज होतो. दुमडणारा चाकू फटाफट उघड-मीट करायची नाही, कात्री उगाच वाजवली की आजी ओरडायची ना भांडणं होतात म्हणून, तसंच समज. आणि देताना हातात नाही द्यायचा, खाली ठेवायचा, समोरच्याने उचलायचा. आपल्याकडे विळी-सुरीच्या बाबतीत हे बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्यात, त्याला अंधश्रद्धा म्हण नाहीतर सेफ्टी ट्रेनिंग म्हण. पडणारा चाकू पकडायला जायचं नाही, पाय मागे घ्यायचा आणि पडू द्यायचा, कितीही महाग असू दे, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. आणि प्रश्न विचारायला लाजू नको, बावळट वाटले तरी. आमच्यातले काही जुने लोक नव्यांना तुटक बोलतात, "आधी वाचून ये" वगैरे, त्यांच्याकडे दुर्लक्ष कर, त्यांनाही कोणीतरी कधीतरी हातात धरून दाखवलंच होतं.

राहिली आई. तिचं म्हणणं अगदी चुकीचं नाही, टीव्हीवर चाकू कोणाच्या हातात दिसतो ते ती रोज बघते. तिला समजावत बसू नकोस. ह्या रविवारी तिची विळी आणि कांदा चिरायची सुरी मागून घे. सुरीला वर सांगितलं तशी धार लाव. विळीचं पातं वळलेलं असतं, ते सपाट दगडावर बसत नाही, म्हणून विळी पायाखाली घट्ट धरायची आणि ओला दगड हातात घेऊन तो पात्यावरून फिरवायचा, खालून वर, घाई न करता, बोटं दगडाच्या कडेच्या मागे ठेवून. जाड हातमोजे असतील तर घाल. पहिल्यांदा तास-दीड तास जाईल. वर्तमानपत्राचा कागद आवाज न करता कापला गेला की झालं. खंडेनवमीला पूजेत ती मांडशील तेव्हा आई स्वतःच शेजारणीला सांगेल की आमच्याकडे धार लावून मिळते, मग तुझ्याकडे सरावाला अख्ख्या बिल्डिंगच्या विळ्या येतील, आणि त्यानंतर तू ओपिनेल आणलास तर ती फक्त विचारेल केवढ्याला पडला.

आणि धार लावून झाली की घरात सगळ्यांना मोठ्याने सांग. बोथट विळीवर जोर लावायची सवय असते हाताला. मी पहिल्यांदा लावली तेव्हा बायकोला सांगायचं विसरलो होतो, तिने नेहमीच्या जोरात दुधी भोपळा दाबला. तीन टाके, आणि डॉक्टरांनी कशाने कापलं विचारल्यावर तिने माझ्याकडे बोट दाखवलं.